नारिंगी रेषा वाढली, एवढ्यावर भागत नाही

महोदय,

नॅनोरचनांनी प्रकाशाला वळण लावल्याच्या बातम्यांत प्रकाशलहरीचे विद्युत क्षेत्रच तेवढे येते. चुंबकीय क्षेत्राची दखल क्वचितच. वास्तविक, भोवतालच्या रचनेमुळे उत्सर्जनाचा वेग बदलतो हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली मांडले, तेच मुळी अणुकेंद्राच्या चुंबकीय संक्रमणाविषयी (एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाण्याविषयी).

दृश्य प्रकाशात हे तपासायला युरोपियम या दुर्मीळ मृदा धातूचा त्रिधन आयन (तीन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) फार सोयीचा. ४६५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने तो उद्दीपित केला की ५९० च्या आसपासची नारिंगी रेषा चुंबकीय द्विध्रुवाची, म्हणजे प्रकाशाच्या चुंबकीय क्षेत्राशी जोडलेली, मिळते; ६१० ते ६२० मधली तांबडी विद्युत द्विध्रुवाची, म्हणजे विद्युत क्षेत्राशी जोडलेली. दोन्ही एकाच ऊर्जापातळीवरून निघतात. चुंबकीय क्षेत्र एकवटायला सिलिकॉनचा नॅनोगोलक घेतात. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचे माप) तिथे चारच्या जवळ, म्हणून नारिंगी रेषेशी जुळणारा गोलक साधारण १५० नॅनोमीटर व्यासाचा लागतो. अडचण अशी की चुंबकीय क्षेत्र गोलकाच्या पोटात सर्वांत तीव्र असते आणि आयन बसतात बाहेर. म्हणूनच मध्ये भोक असलेल्या तबकड्यांचा विचार पुढे आला.

खरी गफलत निष्कर्ष काढताना होते. तांबडीच्या तुलनेत नारिंगीचे प्रमाण वाढले म्हणजे चुंबकीय उत्सर्जन वाढले, असे लगेच म्हणता येत नाही. तांबडी वाट अडली तरी प्रमाण वाढतेच! फरक कळतो तो लाइफटाइमवरून, म्हणजे आयन सरासरी किती वेळ उद्दीपित राहतो त्यावरून: नारिंगी वाट खरोखर वेगवान झाली असेल तर लाइफटाइम घटतो, तांबडी अडली असेल तर वाढतो. पण सिलिकॉनने ऊर्जा शोषली किंवा पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांनी ती खाल्ली तरीही लाइफटाइम घटतो, प्रमाण मात्र जवळपास तेच राहते. त्यामुळे दोन्ही मापे हवीतच. शिवाय आयनांचा थर भट्टीत तापवल्यावर आयनाभोवतीची स्फटिकरचना बदलली, तर नॅनोरचना नसतानाही तांबडी रेषा कमीजास्त होते. तुलना करावी ती त्याच काचेवर, त्याच भट्टीतून निघालेल्या, नॅनोरचना नसलेल्या सपाट थराशी, आणि भिंगाचा कोन न बदलता. कारण रचना प्रकाशाची दिशाही बदलते.

लाइफटाइम मिलिसेकंदांत असतो. सेकंदाला कोट्यवधी स्पंद सोडणारा लेझर इथे निरुपयोगी, कारण आधीची चमक विझण्याआधीच पुढचा स्पंद येतो. सलग लेझर थांबवत-सोडत, दोन झोतांत किमान दहा मिलिसेकंदांचे अंतर ठेवून मोजावे.

अशा संशोधनाची बातमी देताना प्रमाणाबरोबर लाइफटाइमचा आकडाही छापावा, ही विनंती.

— प्रकाशभौतिकीचा एक अभ्यासक