मा. माहिती व प्रसारणमंत्री यांस : सामुदायिक रेडिओला बातमी सांगू द्या

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

पुण्यातल्या एका लहानशा सामुदायिक, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालणाऱ्या, रेडिओ केंद्रावर मी सात वर्षं काम करते. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि पाच-दहा किलोमीटरचा टापू. ऐकणारे बहुतेक वस्त्यांमधले आणि जुन्या सोसायट्यांमधले: धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, घरात एकटी असणारी म्हातारी माणसं. तुम्हाला मला २५ जुलै २०२४ ची सकाळ सांगायची आहे.

रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली तेव्हा पाणी दारात होतं. आमचा एक स्वयंसेवक तिथून जवळच राहतो. त्याचा फोन आला, "ताई, पार्किंग गेलं. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर आहे." पंधरा मिनिटांनी पुन्हा, "सहावी." लाइट गेलेली, मोबाइलची रेंज येत-जात होती. सेलवरच्या रेडिओवर आम्हाला रोज ऐकणाऱ्या एका आजींनी कसाबसा फोन लावला आणि विचारलं, "अजून चढणार आहे का गं? खाली उतरू की वरच्या मजल्यावर जाऊ?"

आमच्या पोराने पायऱ्या मोजून दिलेली माहिती आम्ही माईकवरून सांगितली नाही. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रं तेवढी जशीच्या तशी लावता येतात. पूर, वीज, पाणीपुरवठा, साथीचे आजार यांबद्दल बोलायची मुभा आहे, पण ती माहिती स्थानिक प्रशासनाने पुरवलेली हवी. त्या घटकेला आमच्या हातात तसं काही नव्हतं. परवाना जाईल या धास्तीने आम्ही ठरलेलं भजन लावलं. ते भजन मला आजही ऐकवत नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र तोवर ‘धरण फुटलं’ असा मेसेज येऊन गेला होता. पानशेत धरण फुटून आलेला १२ जुलै १९६१ चा पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या छातीत अशा दोन शब्दांनी काय होतं, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. मेसेज खोटा होता. तो खोटा आहे हे आमच्या केंद्रातल्या प्रत्येकाला कळत होतं, पण ते सांगायचं कुठून?

मंत्रिमहोदय, तेच पायऱ्यांचं वाक्य त्या पोराने स्वतःच्या फेसबुकवर टाकलं, त्याला कुणाची परवानगी लागली नाही. दूरचित्रवाणीवर बातम्यांच्या वाहिन्या चोवीस तास चालतात. मग ज्याला ना डेटा पॅक लागतो, ना स्मार्टफोन, ना वाचता येणं, त्या रेडिओलाच बंदी का? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. त्या लहरींवर आपल्या गल्लीतलं पाणी किती चढलं हे सांगायचा हक्क त्या गल्लीतल्या माणसाला नाही, हे मला कुणालाच समजावून सांगता येत नाही.

इंटरनेटच्या बाबतीत आपल्या देशाने हा प्रश्न एकदा नीट सोडवलेला आहे. सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवा, असं सांगणारे दहा लाखांहून अधिक ईमेल २०१५ मध्ये ‘ट्राय’कडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेले, त्यातला एक मी सदाशिव पेठेतल्या खोलीवरून पाठवलेला. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: कोणती वेबसाइट स्वस्तात आणि कोणती महागात, हे कंपनीने ठरवायचं नाही. ज्याच्या हातात वाट आहे, त्याने त्या वाटेवरून काय जावं हे ठरवू नये, एवढं साधं तत्त्व होतं. तेच रेडिओला लावा.

आणि हे काही आमच्याच डोक्यातून निघालेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ट्राय’नेच शिफारस केली की खासगी एफएम केंद्रांना दर तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. ती शिफारस स्वीकारा, आणि स्वीकारताना सामुदायिक केंद्रांना वगळू नका. आम्हाला दहा नको, पाचच मिनिटं द्या. वॉर्डातल्या, नदीकाठच्या, मंडईतल्या.

भडकाऊ काही जाईल, ही काळजी मी समजू शकते. पण आकाशवाणीची कार्यक्रम-संहिता आम्हाला आजही लागू आहे आणि लावलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायची अटही आहे. कुणी चुकलं तर ध्वनिमुद्रण मागवा आणि कारवाई करा. बोलण्याआधीच तोंड बांधू नका. आणि तोवर निदान आपत्तीच्या काळापुरती ‘प्रशासनाने पुरवलेली’ ही अट काढा. आमच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं, दोघांकडून पडताळलेलं, वेळेसकट सांगितलेलं चालेल, एवढं एक परिपत्रक पुरे आहे.

त्या आजी सुखरूप आहेत. शेजारच्या मुलांनी त्यांना उचलून वर नेलं. परवा त्यांचा पुन्हा फोन आला, यंदा धरणातून पाणी सोडणार असले तर आधी सांगशील ना म्हणून. मी "हो" म्हटलंय. तुमच्या परिपत्रकाची वाट पाहते.

आपली विश्वासू,
सामुदायिक रेडिओची एक कार्यकर्ती, पुणे