हंटरच्या पंखावरील रेषेविषयी मित्रास पत्र

सातारा,
दि. २७ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. तुझ्या हंटर या लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या पंखावर हिरवा आणि करडा रंग जिथे एकमेकांना भिडतात, तिथे नखाला लागेल एवढी धार उभी राहिली आहे आणि रंग अडवायला लावलेली टेप ओढताना दोन ठिकाणी खालचा रंगही निघून आला आहे, हे पाहून मला फार वाईट वाटले. गेल्या वर्षी माझ्या पहिल्या हंटरची गतही अशीच झाली होती. म्हणून मला जे उमगले आहे ते सविस्तर लिहितो.

हंटरच्या पंखांचा विस्तार १०.२६ मीटर, म्हणजे आपल्या १/७२ प्रमाणात तो साधारण १४२ मिलिमीटर होतो. वीतभरही भरत नाही. खऱ्या विमानावर दोन रंगांची सीमा एक इंचभर धूसर असेल, तर आपल्या मॉडेलवर ती मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश असायला हवी. उलट, मोकळ्या हाताने फवारताना आपल्याकडून सहज तीन मिलिमीटरचा धूसर पट्टा पडतो, आणि तो खऱ्या विमानावर चांगला वीतभर रुंद ठरतो. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या बाजूंवरील ढगाळ ठिपक्यांना मोकळा हातच शोभतो, पण हंटरवरच्या गडद हिरव्या आणि गडद सागरी करड्या पट्ट्यांना तो मानवत नाही. टेप थेट पृष्ठभागावर चिकटवली की धूसरपणा अजिबात राहत नाही आणि रंग टेपच्या कडेला साचून बांध तयार होतो. आपल्याला हवी ती रेषा या दोन्हींच्या मधली आहे, आणि ती मिळवायची तर मास्क, म्हणजे रंग अडवणारा आडोसा, पृष्ठभागापासून किंचित उचललेला असावा लागतो.

यासाठी भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची पुट्टी घ्यावी आणि आजी देवासाठी वात वळत असे तशी तिची लांब, एकसारखी वळी करावी. मॉडेलसोबतच्या सूचनापत्रकातील रंगपट्ट्यांचा नकाशा मॉडेलच्या मापाचा करून घ्यावा (मी पोवई नाक्यावरून झेरॉक्स काढून आणतो), त्यावरून वळण बघत ती वळी पंखावर अलगद ठेवावी आणि आतील मोकळी जागा टेपच्या तुकड्यांनी भरावी. वळी गोल असल्यामुळे तिचा फुगवटा पृष्ठभागाच्या वर अधांतरी राहतो आणि त्याच्या आडोशाला रंगाची कडा विरळ होत जाते. वळी जितकी जाड, तितकी कडा धूसर. चार मिलिमीटरच्या वळीने माझी रेषा पसरट झाली; दोन मिलिमीटरची घेतली तेव्हा ती पाहून समाधान वाटले. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन) मात्र पृष्ठभागाशी काटकोनातच धरावा, कारण मोकळ्या बाजूने तिरपा फवारा मारला तर रंग वळीखाली शिरतो आणि एकाच पंखावर एका वळणाला कडा तीक्ष्ण, तर दुसऱ्या वळणाला फिसकटलेली दिसते.

क्रम नेहमीचाच: आधी फिकट असलेला करडा सर्वत्र, मग पूर्ण एक दिवस थांबून हिरवा. रंग दुधाइतका पातळ असावा, हवेचा दाब १५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास, आणि एकदाच भिजवून टाकण्याऐवजी चार-पाच विरळ थर द्यावेत. तुझा रंग उचलला गेला त्याचे कारण बहुधा असे, की प्लॅस्टिकवर साच्याचा तेलकटपणा राहून गेला होता. सुटे भाग कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवल्याशिवाय मी आता प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या अस्तराला, हातच लावत नाही. कॉकपिटच्या काचेच्या चौकटीला टेप लागतेच, कारण तिथे तीक्ष्ण कडा हवी असते. पण टेप आधी दोन-तीनदा मनगटावर चिकटवून तिचा जोर कमी करावा आणि काढताना वर न ओढता स्वतःवरच दुमडत, सावकाश सोडवावी.

इथल्या पावसाविषयीही लिहिले पाहिजे. यवतेश्वरच्या घाटावरून धुके उतरले की माझ्या गच्चीवरच्या खोलीतील हवा ओलीचिंब होते. मागच्या आषाढात डाव्या पंखाचे शेवटचे वळण फवारत असताना कॉम्प्रेसरच्या नळीत साचलेले पाणी थुंकल्यासारखे बाहेर आले आणि ओल्या हिरव्या थरावर मोहरीएवढे सात-आठ फिकट डाग उमटले. घाईने पुसायला गेलो तर खालचा करडाही निघाला. त्यानंतर मी नळीवर पाणी अडवणारा फिल्टर बसवला, आणि लॅकर रंगांवर दमट हवेत पांढरट झाक धरते म्हणून पावसाळ्यात ते वापरणेच सोडून दिले.

पुट्टी रात्रभर पंखावर ठेवू नकोस. तिच्यातील तेल रंगात मुरून डाग पडतो. हिरवा हाताला कोरडा लागला की तासाभरात काढावी. काल संध्याकाळी मी दुसऱ्या हंटरची वळी अशीच उचलली. ती सोडवताना करडा भाग इंचाइंचाने उघडा पडत गेला, आणि हिरव्याची कडा त्यात इतकी बेमालूम विरली होती, की भिंग लावूनही तिथे बांध सापडला नाही. जैसलमेरहून उडून १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाच्या पाकिस्तानी रणगाड्यांवर तुटून पडलेली विमाने ती हीच, आणि ती आपल्या हातून नीट घडावीत असे मला मनापासून वाटते.

तुझ्या पंखावरची धार १५०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हळुवार घासून काढ आणि फक्त तेवढाच भाग पुन्हा फवार. सगळे विमान पुसण्याची गरज नाही. उजव्या पंखाची वळी ठेवून झाली, की फवारण्यापूर्वी मला छायाचित्र पाठव.

तुझा,
मित्र