काकू, ओल्या गच्चीवर बसल्याबद्दल

प्रिय काकू,

समोर येऊन बोलायला लागले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलाल. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

गच्चीच्या कठड्यावरचं मॉस, ते शेवाळासारखं मऊ हिरवं, मी वर्षानुवर्षं बघत आले, ते खरवडून काढायचं राहिलेलं काम म्हणून. त्या दिवशी तुमच्या गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, तर केसाएवढ्या देठांवर बोंडं उभी आणि काही बोंडांवर चक्क टोपी! माझ्या तोंडून निघून गेलं, "याला नीट मुळंच नाहीत, मग हे पाणी कुठून पितं?"

विचारलं आणि अंग चोरलं. सवयच तशी लागली होती. शाळेत एका सरांचं ठरलेलं उत्तर असे, "परीक्षेत येणार नाही ते विचारू नकोस." पुढे नोकरीत तर प्रश्न विचारणं म्हणजे मीटिंग लांबवणं. त्याच ऑफिसने मग 'कुतूहल जागवा' नावाचं दिवसभराचं शिबिर घेतलं. आम्हाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या, फुगे फुगवायला लावले आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. कुतूहल जागलं ते एवढंच, की हे संपणार कधी.

तुम्ही हसला नाहीत. गुडघ्यांची तक्रार असताना ओल्या फरशीवर माझ्या शेजारी बसकण मारलीत. म्हणालात, "बघू या." वाळून चुरमडलेल्या मॉसवर पाण्याचा थेंब सोडलात आणि भिंग माझ्याच हातात राहू दिलंत. मिटलेली पानं माझ्या डोळ्यांदेखत उलगडली. हे अख्ख्या अंगाने पाणी पितं! पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं असतं, मुळांसारखे दिसणारे धागे मुख्यतः धरून ठेवण्यापुरते असतात, हे तुम्ही नंतर सांगितलंत. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईला ते तोंडपाठ होतं. तरी तेवढा वेळ तुम्ही गप्प राहिलात. काकू, भिंगापेक्षा मला त्या गप्प राहण्याचे आभार मानायचेत. लिहितानाही घसा दाटतोय, आणि कारण काय, तर मॉस! घरचे हसतात, हसू देत.

लेव्हेनहूकची गोष्टही तुमचीच. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी, विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला. १६७४ साली तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म जीव त्याने पाहिले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. असला प्रश्न पाच वर्षांच्या पोराने विचारला तर आपण "लागते, खा मुकाट्याने" म्हणू. तिखटपणाचं कोडं काही सुटलं नाही. पण त्या पाण्यात त्याला इतके बारीक जीव दिसले की १६७६ च्या त्याच्या पत्रातल्या काहींना आज जीवाणू मानतात. "या वयात हे काय," असं त्यालाही कुणीतरी म्हणालं असणारच. अशी माणसं कुठे कमी असतात?

तुमच्यासारखी मात्र कमी. जवळ ज्ञान असून ते दुसऱ्याच्या अंगावर न ओतणारी, भोळा प्रश्न ऐकून शेजारच्याकडे बघत डोळे न मिचकावणारी, "तुला काय दिसतंय?" असं खरंच विचारणारी आणि मग उत्तर येईपर्यंत थांबणारी. याला मोठी विद्वत्ता लागत नाही, साधा भलेपणा लागतो. तो शाळेत तासाला पाच मिनिटं मिळाला असता तरी माझी मधली कितीतरी वर्षं इतकी कोरडी गेली नसती.

आता कामाचं. तळ्यातलं थोडं पाणी बाटलीत आणून ठेवलंय. त्यात टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, लाल असं काहीतरी गोल गोल पळतंय. तुम्ही बजावल्याप्रमाणे नाव अजून शोधलेलं नाही, आधी पाय मोजायचेत. पण ते एका जागी ठरत नाही. रविवारी सकाळी येऊ का? खाली बसायला या वेळी पाट मी घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची