समृद्धीवर १५० नकोच, दादा

श्टुटगार्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्ध्यातच राहिलं. तू म्हणालास, समृद्धी महामार्ग ताशी १५० किलोमीटरच्या वेगासाठी बांधलाय, मग १२०ची पाटी कशाला? वर, "तुझ्या जर्मनीत तर मर्यादाच नाही." मला तुझं म्हणणं अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जर्मनीचं तू सांगतोस ते अर्धंच खरं. इथल्या महामार्गांपैकी साधारण ७० टक्के भागावर कायमची मर्यादा नाही, पण तिथेही सरकारचा सल्ला १३०चा आहे. त्याच्या वर असताना अपघात झाला, तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानभरपाईत तुझाही वाटा धरला जाऊ शकतो. शेजारच्या नेदरलँड्सने तर २०२०पासून दिवसाची मर्यादा १००वर आणली, हवेतलं नायट्रोजनचं प्रदूषण कमी व्हावं म्हणून.

आणि इथे वेग पेलतो तो शिस्तीमुळे. मध्यंतरी ऑफिसातल्या एकाबरोबर म्युनिककडे गेले होते. तो जोरात चालवत होता, पण प्रत्येक ओव्हरटेकनंतर लगेच उजव्या लेनमध्ये परत. इथे हळू गाड्यांची लेन उजवीकडे असते. डावी मोकळी ठेवायची आणि चुकीच्या बाजूने ओव्हरटेक करायचाच नाही. महामार्गावर उगाच थांबायलाही बंदी आहे. पेट्रोल संपून गाडी अडली तरी दंड होऊ शकतो. ट्रॅफिक तुंबायला लागला की सायरन ऐकू यायच्या आधीच गाड्या दोन्ही बाजूंना सरकतात आणि अँब्युलन्ससाठी मधे वाट होते. हे पाहताना मला खरंच भरून येतं रे.

आता आपल्याकडचं बघ. १५० हा रस्त्याचा हिशोब आहे: वळण किती मोठं, चढ किती, पुढचं किती लांबून दिसतं. पुढे कडेला मागचा दिवा नसलेला ट्रक उभा असेल, तो त्या हिशोबात नाही. रात्रभर गाडी हाकणाऱ्याची झोपही नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये वैजापूरजवळ काय झालं ते तुला मी सांगायला नको. सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारी आपल्या नाशिकचीच माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. तुझ्या टॅक्सीतही अशीच कुटुंबं बसतात.

१२०ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, १५०ला जवळपास ४२. पुढचा ट्रक उभा आहे की चालतोय हे अंधारात कळेपर्यंत एक-दोन सेकंद जातातच. ब्रेक लागतो त्याच्यानंतर. शिवाय वेग सव्वापट झाला की धडकेचा जोर दीडपटीहून जास्त होतो. ट्रक ८०ने चालले तरी आज तुझ्यात आणि त्यांच्यात ४०चा फरक आहे, तो ७० होईल.

आपल्या नाशिककडचं भरवीर ते नागपूर अंदाजे ६०० किलोमीटर. एकसारखी गाडी पळाली तर १२०ने पाच तास, १५०ने चार. वाचलेल्या एका तासात तुझी पुढची ट्रिप बसते, गाडीचा हप्ता सुटतो, हे मला कळतं. घर त्यावर चालतं. तरीही मला तो तास नको आहे. सरकारकडे मागायचंच असेल तर ट्रक थांबायला जागा मागा, ड्रायव्हरला झोपायला चार भिंती मागा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर नसलेला ट्रक टोलनाक्यावरच अडवा म्हणून मागा. तुमची टॅक्सीवाल्यांची युनियन यासाठी उभी राहिली तर मला फार बरं वाटेल. मर्यादा वाढवा म्हणून अर्ज देणार असाल तर त्यावर तू सही करू नकोस.

आणखी एक काम आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक दिसली तरी जुनं रबर कडक होतं, आणि विदर्भातल्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर ते फुटायला वेळ लागत नाही. चारही टायरचे आणि स्टेपनीचे फोटो पाठव. बदलायचे असतील तर पैसे मी पाठवते, वहिनीला विचारत बसू नकोस.

आईबाबांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
मनू