रोजचा पंप सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दमा असल्याचं पक्कं झालं, दोन पंप मिळाले, काही आठवड्यांत उतारही पडला, इथवर वाचून बरं वाटलं. पण पुढे तू लिहितोस, ‘रोजचा पंप बंद केलाय. त्यानं काही जाणवतच नाही. निळा खिशात असतो, तोच खरा कामाचा.’ हे वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. हे दुखणं मला लहानपणापासूनचं आहे, त्यामुळे समोर बसवून तुला जे सांगितलं असतं ते सगळं इथेच लिहितो.

दम्यात छातीत दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येऊन चिकट कफ साठतो. स्नायू आवळले की लगेच कळतं, धाप लागते, सूं सूं सुरू होते. सूज मात्र गुपचूप असते. तू जिने चढतोयस, रात्री शांत झोपतोयस, तेव्हाही ती असू शकते. मग धूळ, थंड हवा, सर्दी, कुणाच्या सिगारेटचा धूर, एवढंसं निमित्त झालं की सुजलेल्या नलिका आवळतात.

निळा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल. तो स्नायू सैल करतो. काही मिनिटांत छाती मोकळी होते आणि चार ते सहा तास आराम पडतो. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवण्याचं काम रोजच्या पंपाचं, म्हणजे बुडेसोनाइड, बेक्लोमेटासोन, फ्लुटिकासोन अशा औषधांचं. ते घेतल्याक्षणी काहीच वाटत नाही. त्याचा गुण आठवड्यांनी दिसतो, आणि बंद केलं तर सूज हळूहळू परतते. तुला आज बरं वाटतंय ते त्यामुळेच वाटतंय, मित्रा.

हा घोळ तुझ्या एकट्याचा नाही. साल्ब्युटामॉल 1969 साली आलं, फवाऱ्यातलं बेक्लोमेटासोन 1972 साली. त्यानंतर कितीतरी वर्षं सौम्य दम्याला नुसता निळा पंप देण्याची पद्धत होती. शेवटी 2019 साली ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेनं सांगितलं की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, दमा कितीही सौम्य असो. वर्षाला निळ्या पंपाचे 200 फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक डबे संपत असतील तर दम्याच्या मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो, आणि बारा किंवा अधिक संपत असतील तर मृत्यूचाही. तुझा डबा किती दिवसांत संपतो ते लिहून ठेव.

दोन पंपांचा कंटाळा आला असेल तर डॉक्टरांना एका पंपाबद्दल विचार. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप मिळतो. फॉर्मोटेरॉल निळ्यासारखंच काही मिनिटांत काम करतं, पण असर बारा तासांच्या आसपास टिकतो, आणि प्रत्येक फवाऱ्याबरोबर सुजेवरचं औषधही आत जातं. सौम्य दम्यात तो फक्त लागेल तेव्हाच घ्यायलाही सांगतात. मी तो रोज घेतो आणि दम लागला तरी तोच घेतो. माझ्या आयुष्यात एवढा फरक दुसऱ्या कुठल्या उपायानं पडला नाही. एक मात्र ध्यानात ठेव, प्रत्येक जोडपंप असा चालत नाही. साल्मेटेरॉल असलेला पंप सावकाश काम करतो, ऐन धाप लागल्यावर त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

‘स्टेरॉइड आहे, सवय लागेल’ असं तुला कुणीतरी सांगितलंय. सवय लागत नाही. भीती मला समजते, म्हणून आकडे देतो. एका फवाऱ्यात बुडेसोनाइड साधारण 200 मायक्रोग्रॅम असतं. मोठा अटॅक आला तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला 40 ते 50 मिलिग्रॅम देतात, पाच-सात दिवस. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे नुसती आकड्यांची तुलना पुरी नाही, पण पंपातलं औषध थेट जागेवर जातं म्हणून इतकं थोडं पुरतं. रोजचा पंप टाळून वर्षातून चार वेळा गोळ्या घेणाऱ्याच्या अंगात जास्त स्टेरॉइड जातं. पंपानं घसा बसणं, तोंडात पांढरा थर येणं हे होऊ शकतं. त्यासाठी फवारा घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचं आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरायचा.

आता पंप घेण्याची रीत. इथेच बहुतेकांचं औषध वाया जातं. फवाऱ्याचा पंप असेल तर आधी हलव, पूर्ण श्वास सोड, मग डबा दाबतानाच *हळू आणि खोल* श्वास आत ओढ, आणि दहा सेकंद रोखून धर. घाईनं ओढलास तर औषध घशावर आपटतं, खाली पोचतच नाही. स्पेसर लावला की दाबण्या-ओढण्याचा मेळ साधायची कसरत उरत नाही, मोठ्यांनीही तो वापरायला लाजू नये. पावडरचा पंप असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचं, आणि त्यात श्वास कधीच सोडायचा नाही, पावडर ओलसर होते. दर भेटीत डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखव. मी अजूनही दाखवतो.

पीक फ्लो मीटर घेऊन ठेव, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं छोटं यंत्र असतं ते. सकाळ-संध्याकाळ जोरानं फुंकायचं आणि आकडा टिपायचा. चांगल्या दिवसांतला तुझा सर्वांत मोठा आकडा ही तुझी मोजपट्टी. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असलास तर ठीक, 50 ते 80 मध्ये सावध, 50 च्या खाली गेलास तर वाट बघायचीच नाही, लगेच डॉक्टर गाठायचे. आपल्याला धाप लागण्याची सवय होऊन जाते, आकड्याला होत नाही.

श्वासाचे व्यायाम करतोस ते चालू ठेव, मन शांत राहतं, धाप कमी जाणवते. त्यांनी सूज उतरत नाही एवढंच. नाक सतत वाहत असेल तर त्याचाही इलाज कर. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेननं दम लागतो का ते पाहा, काहींना लागतो. रक्तदाबाचं किंवा काचबिंदूचं औषध सुरू करताना दमा आहे हे आधी सांग. बीटा ब्लॉकर गटातली औषधं, अगदी डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा, श्वासनलिका आवळू शकतात.

आणि हे घरच्यांनाही वाचून दाखव: एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंपाचा असर टिकतच नसेल, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. धाप वाढतेय आणि घरघर मात्र एकाएकी थांबली, तर तो उतार समजू नये. हवा आत जाईनाशी झालेली असते. अशा वेळी किती फवारे, किती वेळानं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे आणि एक प्रत घरात दिसेल अशी लावून ठेव.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घे, आणि पंप बंद केल्याचं त्यांना स्पष्ट सांग. रविवारी मी व्हिडिओ कॉल करतो. पंप हाताशी ठेव, कसा घेतोस ते मला बघायचंय.

तुझा,
जुना दमेकरी मित्र