अर्धा लिटर दुधाची गद्दारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागात कॉलेजांच्या विभागीय कबड्डी स्पर्धा झाल्या. उपांत्य सामन्यात एका पोरावर मैदानाच्या चारी बाजूंनी ‘गद्दार, गद्दार’ असा ओरडा झाला. ओरडणाऱ्यांत मीही होतो. वय वर्षे अठ्ठावन्न, नातवंडं असलेला माणूस. त्याबद्दलच हे पत्र.

पोरगं एकोणीस वर्षांचं. गेल्या वर्षी आमच्या गावच्या कॉलेजकडून डाव्या कोपऱ्याला खेळायचं. चवडा, म्हणजे चढाईवाल्याचा पाय धरून पाडायचा डाव, असा काढायचं की चढाईवाल्याला आपण पडलो कधी हेच कळू नये. यंदा ते तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजच्या जर्सीत उतरलं, आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यानं आमच्याच चढाईवाल्याचा, म्हणजे गेल्या वर्षीच्या स्वतःच्या जोडीदाराचा, तोच चवडा काढला. आम्ही तीन गुणांनी हरलो. मग काय, तोंडाला येईल ते.

सामना संपल्यावर ते कडेला बसून बोटांची चिकटपट्टी सोडवत होतं. मी मुद्दाम जवळ गेलो. म्हटलं, “काय रे, आमचं मीठ आळणी लागलं का?” त्यानं मान वर केली नाही. म्हणालं, “काका, तिकडं फी माफ हाय. हॉस्टेल, मेस फुकट, रोज अर्धा लिटर दूध. इथं एसटीचा पाससुद्धा घरच्या पैशानं काढत होतो.” एवढं बोलून पिशवी उचलली आणि सहाची गाडी गाठायला पळालं. मी तिथंच उभा. घरी आलो तर जेवण गोड लागेना.

कारण मी पुणेरी पलटणचा माणूस. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये आपल्या पलटणनं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा आमच्या गल्लीत रात्री अकराला फटाके वाजले. इराणचा शादलूई तेव्हा आपल्याकडं होता, 2 कोटी 35 लाखांना घेतलेला. त्याच वर्षी 29 डिसेंबरला पुढच्या हंगामाचा अंतिम सामना बालेवाडीत, म्हणजे आपल्याच अंगणात झाला. तोच शादलूई आता हरियाणाच्या रंगात होता, 2 कोटी 7 लाखांना गेलेला, आणि पाटण्याला हरवून त्यानं पुण्यातच करंडक उचलला. पुढच्या लिलावात तो गुजरातला गेला. त्याला कुणी गद्दार म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीही म्हटलं नाही. उलट ‘पोरगा व्यावसायिक आहे’ म्हणून चहाच्या टपरीवर कौतुक केलं. म्हणजे दोन कोटींसाठी गेला तर व्यावसायिक, अर्धा लिटर दुधासाठी गेला तर गद्दार!

आमची निष्ठा तरी कुठं एका जागी बसते? पावसाळ्यात आलमट्टी धरणाच्या उंचीवरून कर्नाटकाला शिव्या घालणारे आम्ही सांगली जिल्ह्यातले लोक महिला क्रिकेट लीगच्या दिवसांत बंगळुरूच्या संघासाठी टीव्हीसमोर पाट मांडून बसतो. का, तर स्मृती मानधना सांगलीची. महिलांच्या लीगच्या पहिल्या लिलावात 2023 साली बंगळुरूनं तिला 3 कोटी 40 लाखांना घेतलं आणि दुसऱ्या वर्षी तिच्याच कप्तानीखाली करंडक आला. माझ्या पुतणीनं त्या रात्री पेढे वाटले. मी दोन खाल्ले. वानखेडेचंही तसंच. 2024 च्या एप्रिलमध्ये हार्दिक पांड्याची हुर्यो उडवणारं तेच मैदान विश्वचषक जिंकून आल्यावर जुलैमध्ये त्याच्या नावानं घोषणा देत होतं. प्रेक्षकाची निष्ठा अशी तीन महिन्यांत पालटते, आणि एकोणीस वर्षांच्या पोरानं मात्र उपाशीपोटी निष्ठा राखायची.

कुस्तीत आपल्याकडं हे शहाणपण जुनं आहे. पोरगं आमच्या गावचं असो की माण-खटावचं, अंगात धमक दिसली की घरचेच त्याला कोल्हापूरच्या गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीत नेऊन सोडतात. वस्ताद दुसऱ्या जिल्ह्यातला, माती दुसऱ्या जिल्ह्यातली. तरी कुंडलच्या मैदानात तो उतरला की पुकारणारा गावाचंही नाव घेतो आणि तालमीचंही, आणि हलगी दोन्हीला सारखीच वाजते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे जमेनात तेव्हा त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कऱ्हाडकरांनी शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक काढली; ‘तू कोल्हापूरचा’ म्हणून कुणी तोंड फिरवलं नाही. आणि खाशाबांनी नंतर कुस्त्यांचं मैदान भरवून प्राचार्यांचं घर सोडवलं. निष्ठेच्या गप्पा मारायच्या तर मला हे एवढं एकच उदाहरण पुरतं. तिथं आधी कॉलेज खेळाडूशी निष्ठेनं वागलं.

आता दुसरी बाजू. ज्या कॉलेजनं त्या पोराला नेलं, त्यांचीही आरती ओवाळायला मी तयार नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी असाच एक चढाईवाला नेला होता. ऐन हंगामात त्याचा गुडघा गेला. पुढच्या जूनमध्ये त्याचं मेसचं कार्ड बंद. परीक्षेला बसला की नाही हे कुणी विचारलं नाही. आज तो कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो आणि क्लच दाबताना गुडघा दुखतो म्हणतो. दूध द्यायचं तर ते पोरगं पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत द्या, नुसतं चषक कपाटात लागेपर्यंत नको.

या आयात खेळाडूंनी स्पर्धेची रयाही गेली. तयार पोरं दोन-तीन कॉलेजांत गोळा होतात. बाकीच्यांना सात जण उभे करता येईनात. यंदा पहिल्या फेरीतले तीन सामने ‘पुढे चाल’वर निकालात निघाले. सकाळी नऊपासून डबा बांधून आलेलो आम्ही अकरापर्यंत नुसती पंचांची शिट्टी ऐकत होतो. कुस्तीत मैदान भरवणाऱ्याची अब्रू जोड लावण्यात असते. बरोबरीची जोड लावली नाही तर लोक उठून जातात. इथं जोडच उरली नाही.

यावर एक मास्तर मला म्हणाले, कॉलेज बदललं की एक वर्ष खेळायला बंदी घाला, म्हणजे पळवापळवी थांबेल. मला हे पटत नाही. शिक्षा पुन्हा पोरालाच. त्यापेक्षा प्रत्येक कॉलेज विद्यार्थ्यांकडून जिमखान्याची फी घेतं, ती कुठं खर्च झाली याचा कागद नोटीस बोर्डावर लावा. मग कोण कुणाशी बेइमान आहे ते आपोआप दिसेल.

हे मी हवेत बोलत नाही. त्या सामन्यानंतर आम्ही चार म्हातारे आमच्या कॉलेजच्या शिपायाला चहा पाजून स्टोअररूममध्ये गेलो. कबड्डीची मॅट मोडक्या बाकांच्या मागं रचून ठेवलेली, वर निवडणुकीच्या कामातले जुने खोके. कोपरे उंदरांनी कुरतडलेले. बाहेर काढून उन्हात मांडली, तुकडे मोजले, अकरा कमी भरले. पोरं इतकी वर्षं पार्किंगच्या मुरुमावर सराव करत होती आणि गुडघे सोलून घेत होती. पोरगं सोडून गेलं याचं मला आता नवल वाटत नाही. एक वर्ष राहिलं याचं वाटतं.

पुढच्या वर्षी ते समोर आलं तर त्याच्या अख्ख्या संघाला बाद करून लोण चढवावा ही माझी इच्छा आहेच, ती काही जात नाही. पण त्यासाठी आधी आमच्या पोरांच्या पायाखाली मॅट पाहिजे. अकरा तुकडे आणि दुधाची सोय, अशा दोन मागण्यांचा अर्ज प्राचार्यांना दिला आहे. ‘दिवाळीनंतर बघू’ असं तोंडी उत्तर मिळालं. अर्जाची पोच माझ्याकडं आहे.

आपला,
एक जुना कबड्डीप्रेमी,
पलूस, जि. सांगली