किल्ली तुझ्याकडेच राहू दे

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या आठवड्यात तुम्ही फाउंडेशनचं खजिनदारपद सोडून पुण्याला मुलाकडे राहायला चाललात. निरोप समारंभ नको, हार नको, शाल नको, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. बोलायला जागाच ठेवली नाहीत, म्हणून चार लोक वाचतील असं हे उघड पत्र लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही. तरी वाचा.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या वस्तीवर आलात तेव्हा आईने तुम्हाला दारातच विचारलं होतं, "कुठल्या पक्षाचे?" तुम्ही म्हणालात, कुठल्याच नाही, तालुक्यातली माणसं ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात, ते एका ठिकाणी ठेवतो आणि ज्यांना कुणी उभं करत नाही त्यांना आधी देतो. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९१४ साली एका बँकवाल्याने असा गावनिधी पहिल्यांदा सुरू केला, हेही सांगितलंत. बँकवाला आणि गरिबांसाठी निधी, ही गोष्ट आईला काही पटली नाही. तिला बँक माहीत होती.

ती मलाही माहीत होती. शिलाई मशीनच्या कर्जासाठी मी एका शाखेत गेले होते. आम्हा फासेपारध्यांची आडनावं भोसले, काळे, पवार, चव्हाण अशीच असतात. त्यामुळे साहेब आधी छान बोलले, बसा म्हणाले. मग पत्त्याच्या रकान्यात "पारधी वस्ती" वाचलं आणि अर्ज टेबलावरून माझ्याकडे सरकवला. सरकारी नोकरीतला जामीनदार आणा, जातीचा दाखला आणा. दाखल्यासाठी तालुक्याला जावं तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. माझ्या आजोबांना ना सातबारा, ना शाळेचा दाखला. त्यांचं नाव सरकारदरबारी एकाच ठिकाणी लिहिलेलं असणार, पोलिसांच्या हजेरीच्या वहीत.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. जन्मलेलं पोरसुद्धा गुन्हेगार. पुढे तो कायदा आपल्याकडेही लागू झाला. तारेच्या कुंपणात ठेवायचे, रोज हजेरी घ्यायचे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश सुटला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटलो. कागदावर. ऑक्टोबर २०२४ मध्येसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना सांगावं लागलं की विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक करू नका. बहात्तर वर्षांनंतर हे सांगावं लागतं, तर रोजच्या जगण्यात काय चालत असेल याचा विचार करा. मी दुकानात शिरले की गल्ल्यावरचा माणूस आधी ड्रॉवर लावून घेतो. तो वाईट माणूस असतो असं नाही. त्याच्या बापानेही तसंच केलेलं असतं.

फाउंडेशनने मला मशीन दिलं, बिनव्याजी. वस्तीवरच्या आणखी काही बायकांना दिलं. त्याबद्दल आभार आहेतच, पण हे पत्र मशीनसाठी नाही.

जून तोंडावर आला होता. शाळेच्या गणवेशांची पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. वस्तीवर लाइट नव्हती, म्हणून मशीनं फाउंडेशनच्या हॉलमध्येच मांडलेली. आम्ही रात्री उशिरापर्यंत कॉलर आणि काज करत बसायचो आणि तुम्ही फक्त कुलूप लावायचं म्हणून ताटकळत थांबायचात. एका संध्याकाळी तुम्ही हिशेबाची वही लिहीत होतात. वर न बघताच म्हणालात, "शेवटी तूच निघतेस ना? मग कुलूप तूच लावत जा. किल्ली तुझ्याकडेच राहू दे." आणि जुडगा पुढे केलात. त्या जुडग्यात कपाटाचीही किल्ली होती. कपाटात देणगीची पेटी, पावतीपुस्तकं, लोकांच्या हप्त्यांची रक्कम. तुम्ही ती किल्ली काढून घेतली नाहीत. काढायची असते हे तुमच्या मनातच आलं नसावं. तुम्ही पुन्हा वहीत डोकं घातलंत. मी घरी येऊन आईला जुडगा दाखवला तर ती घाबरली. म्हणाली, "परत देऊन ये. उद्या काय कमी पडलं तर आपल्यावर येईल."

आणि तशी वेळ आलीच. बाजारपेठेत एका दुकानाचं शटर फोडलं गेलं. रात्री नेहमीसारखी वस्तीवर गाडी आली, माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. चोर पुढे भलतेच निघाले. त्याबद्दल वस्तीवर येऊन कुणी एक शब्द बोललं नाही.

भाऊ आत होता त्या रात्री तुमचा फोन आला. त्याची चौकशी केलीत, वकिलांचा नंबर दिलात, आईशी बोललात. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालात, "उद्या मला यायला जरा उशीर होईल. हॉल वेळेवर उघड."

त्याच रात्री दोन विश्वस्त तुमच्या ओट्यावर येऊन बसले होते, पारध्याच्या बाईकडून किल्ली काढून घ्या म्हणत होते, हे मला फार उशिरा काकूंकडून कळलं. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत ते काकूंनी सांगितलं नाही आणि तुम्ही तर कधीच काही बोलला नाहीत. मला फक्त एवढंच कळलं होतं की उद्या हॉल उघडायचा आहे. मी उघडला. भाऊ सुटायचाच होता, रडून डोळे सुजलेले, पण सकाळी मशीनवर बसले आणि गणवेश वेळेत गेले. मशीनचे हप्ते मी सगळे फेडले, गुरुजी. त्या फोनचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातली हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्यावर नेमलं, हे तुमच्याकडूनच ऐकलं. ज्यांना चोर म्हणायचे त्यांच्याच हाती राखण दिली. महाराज राजे होते, त्यांना विचारणारं कोण होतं? तुम्ही पेन्शनवर राहणारे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. तुम्हाला त्याच गल्लीत राहायचं होतं, त्याच दुकानांतून किराणा भरायचा होता. म्हणून मला तुमची गोष्ट मोठी वाटते.

गावातही चांगुलपणा आहे, हे मी फाउंडेशनमुळे पाहिलं. स्टँडजवळचा चहावाला दर महिन्याला पैसे आणून देतो आणि पावतीवर नाव नको म्हणतो. मंडईतल्या एक आजी भाजीच्या पिशवीतून चिल्लर घेऊन येतात. अशी माणसं आधीपासून असणारच. पण त्यांचे पैसे आमच्यापर्यंत पोचायला मधे कुणीतरी असा लागतो, जो आमच्याकडे बघून कपाट लावून घेत नाही. बऱ्याच संस्था वस्तीवर येऊन ब्लँकेटं वाटून, फोटो काढून गेल्या. कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत वस्तीवरच्या बाईला खुर्ची फक्त तुम्ही दिलीत. पहिल्या बैठकीत मी काही बोलले नाही. तुम्ही सगळ्यांसमोर थांबलात आणि म्हणालात, "हिचं मत आल्याशिवाय ठराव लिहिणार नाही." तेव्हापासून मी बोलते.

आता उरलेल्या विश्वस्त मंडळींना दोन शब्द. सरकारी नोकरीतला जामीनदार मागायची अट गुरुजी गेल्यावर आणायची, असं काहींच्या मनात असल्याचं कानावर आलंय. आणू नका. ती अट आली की आमच्या वस्तीवर, कैकाड्यांच्या आळीत, वडारवाडीत एकही अर्ज भरला जाणार नाही. पुढच्या बैठकीत विषय निघाला तर मी विरोध करणार आहे आणि विरोध लेखी नोंदवून घ्या असं सांगणार आहे.

गुरुजी, त्या बैठकीची तारीख कळवते. सकाळच्या एसटीने निघा, दुपारपर्यंत पोचाल. स्टँडवर घ्यायला भाऊ येईल. जेवण आमच्याकडे, आईने आत्ताच सांगून ठेवलंय. काकूंनाही आणा.

तुमची,
वस्तीवरची शिवणकामवाली